पऱ्हाटीच्या धुरातली लांबपोळी

कोल्हापूरहून वर्धा जिल्ह्यात आठवडाभर जाऊन येते म्हटल्यावर आमच्या घरात पहिला प्रश्न आला तो "तिकडं जेवायला काय मिळतं?" हा. दुसरा, "उन्हाळ्यात नाही ना?" मी तिथं नेमकी कशाला जाते आहे, हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नाही. तेव्हा ते इथंच सांगून टाकते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण गुडघे आणि कंबर सोडून लोकांच्या छातीच्या मागे लागलेली. ज्यांची फुप्फुसं धुरानं, विडीनं किंवा धुळीनं कायमची दमलेली आहेत त्यांना श्वास कसा सोडायचा, पंप कसा ओढायचा, जिना कसा चढायचा हे मी शिकवते. "श्वास घ्यायला शिकवायची फी घेतेस?" असं माझे दीर दर दिवाळीला विचारतात आणि स्वतःच हसतात.

माझी कॉलेजातली मैत्रीण विद्या समुद्रपूर तालुक्यात एक छोटा दवाखाना चालवते. डिसेंबरात तिचा फोन आला. "थंडीत माझ्याकडे खोकणाऱ्यांची जत्रा भरते. औषध मी देते, पण ते छातीपर्यंत पोचतच नाही. तू ये आणि पोचव." असं बोलावणं आल्यावर कोण नाही म्हणणार? मकरसंक्रांत उरकली आणि मी तिळगुळाचा डबा घेऊन निघाले.

समुद्रपूर

रेल्वेचं रडगाणं गात नाही. एसटीतून उतरले तेव्हा सकाळ होती, आणि विद्यानं मला घरी न नेता आधी टपरीवर नेलं. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतलेली ताटली पुढ्यात आली. आम्ही कोल्हापूरकर तिखटाच्या बाबतीत जरा फुशारक्या मारतो. मी ऐटीत मोठा घास घेतला आणि पुढची पाच मिनिटं माझा आवाज गेला. टपरीवाल्यानं पाणी पुढं केलं आणि म्हणाला, "हळू खाजा बाई, पोहे पळून नाई राह्यले." वर त्यानं फुकटात आणखी एक चमचा तर्री वाढली.

तालुक्याचा रंग दोनच शब्दांत सांगायचा तर काळा आणि पांढरा. जमीन काळी कुळकुळीत, वर कापसाची शेवटची वेचणी चाललेली. तुरी काढून बांधावर गंज्या घातलेल्या. आमच्याकडे ऊस डोक्यावर उभा राहतो आणि रस्त्यावरून शेजारचं गाव दिसत नाही. इथं नजर जाईल तिथवर सपाट, आणि दूरवर एखाद्या कडुलिंबाखाली थांबलेली बैलगाडीसुद्धा स्पष्ट दिसते. आणखी एक गोष्ट पहिल्या दिवशीच डोळ्यांत भरली. प्रत्येक घरापुढे काटक्यांची भलीमोठी रास. कापूस संपला की झाडं उपटतात, त्या वाळलेल्या काड्यांना म्हणतात पऱ्हाटी. वर्षभराचं फुकटचं सरपण. तिला एक काडी लावली की भर्रकन पेटते आणि तितक्याच भर्रकन विझते, म्हणून चुलीपुढं बसलेल्या बाईला हलता येत नाही, सारखी सारायला लागते. गॅस घरोघरी आहे. त्याच्यावर विणलेलं झाकण असतं, आणि तो पाहुण्यांच्या चहासाठी असतो.

त्या दिवशी विद्या मला घरोघरी घेऊन हिंडली; आम्ही पाहुण्या असल्यामुळे जिथं जाऊ तिथं गॅस पेटला आणि आमचं पोट चहानंच भरलं.

बुधवारचा दवाखाना

बुधवारी छातीवाल्यांचा वार. व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या. विद्या आत तपासत होती आणि बाहेर माझी शाळा. मदतीला मंदाताई होत्या, आसपासच्या चार-दोन गावांच्या आशा कार्यकर्त्या, कडक इस्त्रीची साडी आणि त्याहून कडक आवाज.

पहिलेच आजोबा आले ते तक्रार घेऊन. महिनाभर औषध घेतलं, कणभर गुण नाही. मी म्हटलं, कसं घेता दाखवा. त्यांनी खिशातून भुकटीची कॅप्सूल काढली, जी यंत्रात घालून तोंडानं ओढायची असते ती, आणि शांतपणे जिभेवर ठेवून गिळली. वर सुनेकडे दुधाचा पेला मागितला.

"आजोबा, आणि ते यंत्र?"

"थे नातू खेळते," आजोबा म्हणाले. "शिट्टीवानी वाजते."

विद्याचं औषध छातीत का पोचत नव्हतं ते मला कळलं. पंपवाल्यांची तऱ्हा वेगळी. दाबणं आणि ओढणं एकाच वेळी जमत नाही, फवारा टाळूवर बसतो आणि गोड लागतो म्हणून समाधान होतं. त्यावर उपाय म्हणून मधे एक डबा लावतात, म्हणजे औषध आधी डब्यात आणि मग सावकाश छातीत. दुकानातला डबा इथं कोण आणणार? म्हणून आम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घेतल्या. तळाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, पंप तिथून खुपसायचा आणि बाटलीला तोंड लावून श्वास घ्यायचा. मी सराईतासारखी सुरी तापवली आणि पहिल्याच बाटलीबरोबर स्वतःचं बोट भाजून घेतलं. मंदाताईंनी सुरी माझ्या हातून काढून घेतली ती परत दिली नाही.

मग मी फुंकर शिकवायला घेतली. दमेकऱ्याची अडचण श्वास घेण्याची वाटते, पण खरी अडचण सोडण्याची असते. जुनी हवा आत कोंडून बसते. म्हणून नाकानं घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. कोल्हापुरात मी सांगते, चहावर फुंकर घालता तसं. इथं जरा स्थानिक उदाहरण द्यावं म्हणून म्हटलं, "चुलीवर फुंकणी फुंकता ना, अगदी तसं!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मागून एकीनं विचारलं, "बाई, जिंदगीभर थेच तं केलं. त्यानंच तं छाती गेली. अन् तुमी आनखी फुंकाले सांगून राह्यल्या?"

व्हरांडा हसला. खोकत खोकत हसला. मी चहावर परत आले.

हा प्रश्न विचारणारी बाई पन्नाशीची असेल. सडपातळ, उंच, मनगटं चांगली दणकट. सतरंजीवर न बसता ती भिंतीला टेकून उभी होती. वर्ग संपल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "माह्या जावेले दम लागते. तिच्यासाठी पाह्यतो. हे बाटलीचं दिवसातून कितीक डाव करा लागते?"

इकडे बाया स्वतःबद्दल 'करतो, पाह्यतो' म्हणतात, याची सवय व्हायला मला दोन दिवस लागले. पण जाऊ कोण आहे हे कळायला दोन क्षण पुरे झाले. तिच्या मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला वर उचलल्या जात होत्या आणि एका वाक्यात ती तीनदा थांबली होती. मी जावेला काय काय करायचं ते सगळं सांगितलं. ती नीट ऐकून गेली.

"इंदूबाई," विद्या संध्याकाळी म्हणाली. "जाऊबिऊ काही नाही. तिला मी दोन वर्षांपूर्वी पंप दिला होता, छान चाललं होतं. दिवाळीपासून बंद केलाय. मुलीची सोयरीक चाललीये ना."

सोयरिकीचा आणि पंपाचा संबंध काय, ते मला कळेना. विद्या म्हणाली, तूच जाऊन बघ, आणि जमलं तर समजाव. पंप सुरू व्हायच्या आधी तिला दोनदा गाडीत घालून वर्ध्याला हलवावं लागलं होतं. "तिसऱ्या वेळी गाडी वेळेवर मिळेलच असं नाही गं," ती म्हणाली, आणि हे ती हसत म्हणाली नाही.

इंदूबाईंच्या अंगणात

दुसऱ्या दिवशी मंदाताईंच्या स्कूटीवर मागे बसून गेले. गावाच्या एका बाजूला बौद्धवस्ती, स्वच्छ सारवलेली अंगणं, विहारावर पंचरंगी झेंडा. इंदूबाईंच्या घरी पाहुण्यांच्या खुर्च्या आधीच बाहेर मांडलेल्या होत्या. मंदाताईंनी वर्दी दिली होती. जेवल्याशिवाय सुटका नव्हती, आणि खरं सांगते, सुटायची माझी इच्छाही नव्हती.

कारण अंगणाच्या कोपऱ्यात भट्टी होती. मातीच्या चुलवणावर एक मोठं मडकं उपडं घातलेलं आणि खाली पऱ्हाटी धडाडून पेटलेली. इंदूबाईंच्या पुढ्यात परातीत कणीक, पण कणीक कसली, जवळजवळ पातळ चिकटा. त्यांनी एक गोळा उचलला, या हातावरून त्या हातावर झुलवला, आणि तो लांबत गेला. तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत. बघता बघता दोन्ही हातांवर एक लांबलचक पांढरी झिरझिरीत पोळी लोंबत होती, पलीकडचं लिंबाचं झाड दिसावं इतकी पातळ. मग एक झटका, आणि ती मडक्याच्या पाठीवर अलगद पसरली. फुगे आले, कडा तांबूस झाल्या, काढली, घडी घातली. हीच ती लांबपोळी. पुरणपोळीवर आमचा जीव आहे, पण ही करायला सांगितली तर आमच्या सगळ्या आत्या-मावश्या माघार घेतील.

"चार गावांत इंदूबाईसारखी पोळी कोणाची नाई," मंदाताई म्हणाल्या. "लग्नाची तारीख ठरवाच्या आधी लोक हिले विचारून जातेत."

इंदूबाई हसल्या. बोलायला दम उरला नव्हता. मी तर बघतच होते. दोन्ही हात छातीच्या वर धरून काम करणं हे दमेकऱ्याला सर्वांत जड. हात उचलायला लागणारे स्नायू श्वासालाही हात लावत असतात, आणि ते दोन मालकांची चाकरी एकदम करू शकत नाहीत. वर तोंडावर धूर. तीन पोळ्या झाल्या की त्या मांड्यांवर कोपर टेकून वाकून बसायच्या आणि आम्ही बघत नाही असं बघून दोन-चार श्वास घ्यायच्या. पोळी तोंडात विरघळत होती, सोबत वांगी आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची, ज्यांना इथं सोले म्हणतात, रसरशीत भाजी. मी चार खाल्ल्या. खाताना पोटात गोड आणि मनात कसनुसं वाटत होतं.

जेवण झाल्यावर तोंड उघडलं. "इंदूबाई, जावेचं राहू द्या. पंप का बंद केलात?"

त्यांनी आधी आत पाहिलं. आत त्यांची मुलगी प्रज्ञा भांडी आवरत होती. बी.एस्सी. झालेली, समुद्रपूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "रयवारी साक्षगंध हाय तिचं, अंगठ्या घालाच्या हायेत. पोरगा हिंगणघाटचा, भल्ला चांगला हाय. याच्या आधी एक ठिकान आलतं. त्याईच्या आत्यानं माही पंपाची डबी पाह्यली फळीवर. दमा मायले तं पोरीले, अन् पोरीले तं तिच्या लेकराईले, असं म्हनली. गेले ते गेले, परतून फोन नाई."

"अहो, पण तुमचा दमा रक्तातला नाहीच. चुलीच्या धुराचा आहे. तो मुलीला जात नाही."

"मले समजते नं. त्याईले कोन सांगन?"

"मी सांगते!"

"अन् तुमी कोल्हापूरले गेल्या मंग?"

मला राग आला. माझा स्वभावच तसा आहे, चांगल्यासाठी सांगितलेलं कुणी ऐकलं नाही की आवाज चढतो. मी म्हटलं, मुलीचं लग्न मोठं की तुमचा जीव मोठा? इंदूबाईंनी माझ्याकडे अगदी मायेनं पाहिलं.

"ताई, तुमाले पोरगी हाय का?"

"नाही. एक मुलगा."

"मंग तुमी पाह्याले जानाऱ्यातल्या," त्या म्हणाल्या. "आमी दाखवनाऱ्यातल्या."

खोटं नव्हतं. आमचा मुलगा लग्नाचा आहे, आणि मागच्याच वर्षी एका स्थळाच्या वडिलांना मधुमेह आहे म्हटल्यावर आमच्या घरात चर्चा झाली होती. चर्चेत मीही होते.

मग मी भांडण सोडलं आणि व्यवहारावर आले. पंप सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊन घ्यायचा, बाटली कडब्यात लपवायची, इतपत त्या कबूल झाल्या. पोळी लांबवताना हात उघडतील तेव्हा फुंकर सोडायची, हात जवळ येतील तेव्हा श्वास घ्यायचा, हे त्यांना इतकं पटकन जमलं की त्या स्वतःच चकित झाल्या. "हे तं पोळीच्या तालात बसते!" पण भट्टीसमोरून उठायला त्या काही तयार होईनात. मी म्हटलं, तुम्ही लांब बसून पोळी लांबवा, मडक्याजवळ दुसरं कुणी बसेल. त्या म्हणाल्या, "रयवारी पाहुने येतीन. पोळी फाटली तं? माह्या हातची पोळी खाल्ली असं त्याईनं गावात जाऊन सांगाव, इतकंच हाय माह्यापाशी पोरीले द्याले." आणि रविवारी पाहुण्यांपुढे पंप? त्यांनी कानाला हात लावला.

निघताना प्रज्ञा फाटकापर्यंत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "म्याडम, आई माह्या समोर बी घेत नाई आता," एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला तिला काहीतरी धीराचं सांगायचं होतं, पण मंदाताईंनी स्कूटी सुरू केली होती.

केळझर

शुक्रवारी सुट्टी. मंदाताईंचं माहेर सेलू तालुक्यातलं, त्या म्हणाल्या, केळझरचा गणपती पाहिल्याशिवाय वर्धा पाहिलं असं होतच नाही. देऊळ टेकडीवर. मी, लोकांना जिने चढायला शिकवणारी बाई, तर्रीच्या पोह्यांवर पोसलेली, अर्ध्या वाटेत धापा टाकायला लागले. पायऱ्यांवर बोरं विकणारी म्हातारी म्हणाली, "बस वं बाई जराशी. देव कोठी जात नाई." मी बसले, चंबू करून फुंकरा घातल्या, आणि मंदाताई इतक्या हसल्या की त्यांनाही बसावं लागलं.

वर वारा छान होता आणि मूर्ती प्रसन्न. मंदाताईंनी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. बाहेर आल्यावर विचारलं, काय मागितलंत एवढं? म्हणाल्या, "रयवारी वारं दुसरीकडून वाहू दे, म्हनलं." खाली येऊन आम्ही बोरं खाल्ली आणि मी घरी न्यायला गोरसपाकाची बिस्किटं घेतली, त्यातली अर्धी समुद्रपूरला पोचेपर्यंत संपली.

रविवार

वारं दुसरीकडून वाहिलं नाही.

सकाळीच दव पडलं होतं आणि पऱ्हाटीची वरची रास ओली झाली होती. ओल्या पऱ्हाटीचा धूर म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं; डोळे चोळत मी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. मला आणि मंदाताईंना निमंत्रण होतं. विद्या एक रुग्ण संपवून येणार होती. हिंगणघाटहून क्रूझर आली, त्यातून पंधरा-वीस माणसं उतरली. नवरा मुलगा लाजाळू, सारखा रुमाल घडी करणारा. त्याचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, बारीक चणीचे. आई मात्र भारदस्त, हातात पर्स, कपाळावर आठी, बसल्या बसल्या साऱ्या अंगणाची झडती घेणारी नजर. तिला बघून मीसुद्धा पदर सारखा केला.

वरमाईचा मान इकडे काय वर्णावा! आमच्याकडेही विहिणीचा तोरा असतोच, पण इथं तिनं पाण्याचा पेला उचलून ठेवायचा नाही, चप्पल काढली तर कुणीतरी बाजूला ठेवायची, ती उठली की घरच्या दोघी उठायच्या. तिनं मुलीच्या घरची चूल तर बघायचीसुद्धा नाही. बुद्धवंदना झाली, अंगठ्या झाल्या, पेढे झाले. प्रज्ञा मोरपंखी साडीत सुरेख दिसत होती. सगळं कसं छान पार पडलं, आता फक्त जेवणं.

मटणाचा रस्सा तयार होता. इंदूबाई भट्टीपुढं बसल्या. पहिल्या पंगतीला पोळ्या गेल्या आणि पंगतीतून वाहवा आली. मी लांबून बघत होते, त्यांची फुंकर नीट चालली होती. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि सगळा धूर त्यांच्या तोंडावर. त्या खोकल्या. थांबल्या. पुन्हा गोळा घेतला, हात लांबवले, आणि तसेच राहिले. कोपरापर्यंत पोळी लोंबत होती आणि मडक्यावर टाकायला हात पुढे जाईना. तोंड उघडं, खांदे वर, मानेच्या शिरा ताठ. शिट्टीसारखा आवाज मला मंडपाच्या या टोकाला ऐकू आला.

मी धावले. त्यांना मागे ओढलं, कोपर मांडीवर टेकवून पुढे वाकवून बसवलं. "पंप कुठाय? गोठ्यात?" त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. गोठ्यात नाही असं नव्हे. आणू नका, असं. पाहुण्यांच्या पंगतीकडे डोळे वळवून पुन्हा नाही म्हटलं. ओठ निळसर पडत होते. कोणीतरी म्हणालं, चक्कर आली, कांदा आणा. मी उठायला लागले तर त्यांनी माझं मनगट पकडलं. पोळी लांबवणाऱ्या हातांची ती पकड, सुटेना.

आणि प्रज्ञा आली. गोठ्याकडून, दोन पंगतींच्या मधून, मोरपंखी साडीला कडबा चिकटलेला, एका हातात पंप आणि दुसऱ्या हातात ती पाण्याची बाटली, सगळ्यांना दिसेल अशी उंच धरून. ती आईसमोर मातीत गुडघ्यावर बसली, पंप हलवून बाटलीत खुपसला आणि बाटली आईच्या तोंडाला लावली. इंदूबाईंनी तोंड फिरवलं.

"घे आई," प्रज्ञा म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जात होता. "सोयरीक दुसरी येईन. माय कोठून आनू मी?"

इंदूबाईंनी बाटली तोंडात धरली. एक फवारा, सावकाश श्वास. पुन्हा एक. पुन्हा एक. मी पाठीवर हात ठेवून नुसतं "सोडा, सोडा, फुंकर" म्हणत होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते सगळंच धुराचं नव्हतं. हळूहळू शिट्टी उतरली. खांदे खाली आले. ओठांवर रंग आला.

तेव्हा कुठं मी वर पाहिलं. वरमाई पंगतीतून उठून येऊन उभ्या होत्या. आठी तशीच.

"दमा हाय का हा?"

प्रज्ञा उठली. "हाव. चुलीच्या धुराचा हाय. दोन वर्साचा. आमी लपवला, आमची चूक झाली. तुमाले काय ठरवाचं ते ठरवा."

मला वाटलं, आता बोलावं. फुप्फुसं, अनुवंश, सगळं भाषण तयार होतं. पण वरमाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग अर्धवट वाढलेल्या पंगतीकडे, मग मडक्याकडे. पर्स मंदाताईंच्या हातात दिली. पदर कमरेला खोचला आणि भट्टीपुढच्या पाटावर बसकण मारली.

"अवं, तुमी नाई, तुमी नाई!" चार बायका एकदम धावल्या. "वरमाई भट्टीवर! काय म्हनतीन लोक!"

"काऊन नाई? मले हात नाईत का?" त्या म्हणाल्या. "घरची बाई आजारी हाय अन् मी आयती खात बसू? ओली पऱ्हाटी कोन घातली वं हे? काढा! वाळली आना शेजारून. इहीनबाई, तुमी तिकडे बसा, वाऱ्याच्या बाजूनं. दम आला की मले शिकवा."

इंदूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. वाळली पऱ्हाटी आली. वरमाईंनी पहिला गोळा घेतला, तो लांबायच्या ऐवजी सरळ खाली गळाला. दुसरी पोळी मधोमध फाटली. तिसरी मडक्यावर पडली ती गुंडाळी होऊन. अंगण आधी दबकत हसलं, मग मोकळं हसलं. नवरा मुलगा रुमाल विसरून हसत होता. इंदूबाई लिंबाखाली बसून नुसत्या हातानं खुणा करत होत्या, मनगट वर, वर, आता सोडा. फाटक्या पोळ्या रश्श्यात कुस्करून सगळ्यांनी खाल्ल्या आणि कुणी तक्रार केली नाही.

विद्या आली तेव्हा जेवणं आटोपत होती. तिनं इंदूबाईंना तपासलं, दम दिला आणि सोमवारी दवाखान्यात यायचं कबूल करून घेतलं. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे वडील माझ्याजवळ येऊन घुटमळले. "म्याडम, जिनिंगात रुई उडते. सकाऊन उठलो की छातीवर कोनी बसल्यावानी वाटते. डॉक्टरीनबाई मले बी एक डाव पाहातीन का?" आम्ही त्यांना गोठ्याच्या कडेला बसवलं. विद्यानं छातीला स्टेथोस्कोप लावला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी नवी बाटली मागवली. या वेळी भोक मीच पाडलं आणि बोट शाबूत राहिलं.

चार वाजता क्रूझर निघाली. लग्नाचा महिना ठरला होता. सारी वस्ती रस्त्यावर निरोपाला उभी, इंदूबाई सगळ्यांत पुढं, प्रज्ञाच्या खांद्यावर हात टाकून. गाडी वळणावर गेली तशी वरमाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि सबंध गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "इहीनबाई! रातची दवाई घेजा बरं! लपून नोका घेऊ!"

इंदूबाईंनी नाकानं श्वास घेतला, आणि जी बाई बुधवारी एका वाक्यात तीनदा थांबली होती तिनं कुठंही न थांबता ओरडून सांगितलं, "घेतो नं वं इहीनबाई, वसरीवर बसून घेतो, सगळ्या गावासमोर घेतो!"